उठबस

पोलीस पाटलाच्या अहवालात एक ठरलेलं वाक्य असतं. गावातल्या कोणाला सरकारी नोकरी लागायची असली, पासपोर्ट काढायचा असला, की ठाण्यातून कागद येतो आणि हा माणूस कसा आहे ते पाटलानं लिहायचं असतं. माणूस बरा असेल तर 'वर्तणूक चांगली'. बरा नसेल, पण तसं दाखवण्याजोगं हाती काही नसेल, तर 'सदर इसमाची उठबस अमुक लोकांत आहे'. पंचफुला आत्याचा हे वाक्य लिहिण्यात हातखंडा होता. हे खोटं म्हणून कोणी खोडू शकत नाही आणि खरं म्हणून कोणी पुरावा मागत नाही, असं ती म्हणायची.

ती माझ्या बाबांची चुलत बहीण. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे हायवे सोडून चार किलोमीटर आत आमचं गाव आहे. तिथं ती पाच वर्षं पोलीस पाटील होती. तलावात कोणी बुडालं, शेताच्या धुऱ्यावरून काठ्या निघाल्या, एखादी पोरगी घरातून निघून गेली, की आधी तिचा फोन वाजायचा. बौद्ध मोहल्ल्यातल्या बाईला सगळं गाव पाटीलबाई म्हणतं याचं पहिल्या वर्षी तिलाच हसू यायचं. मग सवय झाली. सवयीसोबत एक चाल आली, थोडी मान वर करून चालायची. बसायची मात्र तिला सवय झाली नाही. जेवतानाही ती अर्धी उठलेली असायची.

अहवाल ती स्वतः लिहायची. मी नागपूरहून सुट्टीला आले की ऱ्हस्व-दीर्घ तेवढं माझ्याकडून तपासून घ्यायची.

तीन वर्षांपूर्वी तिनं रितावर तसाच एक अहवाल लिहिला. रिता ही भैय्याजींची मुलगी. भैय्याजींचं बसस्टॉपवर कृषी केंद्र आहे, खतं, बियाणं, फवारणीचे पंप. रिता पोलीस भरतीत धावण्यात पहिली आली होती, लेखी परीक्षाही पास झाली होती. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. त्याच्या महिनाभर आधी हायवेवर एक गोष्ट घडली होती. गावात शौर्य पथक नावाचं एक टोळकं तयार झालं होतं. शाळेमागच्या मैदानावर त्यांची कवायत चाले, काठी फिरवणं चाले. त्या पथकानं जनावरं नेणारी एक गाडी अडवली आणि ड्रायव्हरला मारलं. आत्या पोचली तेव्हा ड्रायव्हर डांबराच्या कडेला बसला होता आणि त्याच्या कानातून रक्त येत होतं. गर्दीत तोंडाला ओढणी बांधलेली एक मुलगी होती. आत्यानं तिला बुटांवरून ओळखलं. पळायचे पांढरे बूट गावात एकाच मुलीकडे होते.

रिताचं नाव गुन्ह्यात नव्हतं. तिनं हात उचललेला आत्यानं पाहिला नव्हता. तरी ठाण्याचा कागद आला तेव्हा तिनं दहा मिनिटांत लिहून टाकलं, 'सदर मुलीची उठबस शौर्य पथकातील लोकांत आहे.' मी 'मुलीची'मधला ऱ्हस्व लि दीर्घ केला आणि कागद परत दिला. ते वाक्य पुढे पुढे जात राहिलं आणि रिताची नोकरी गेली.

"तिच्या अंगावर वर्दी चढली असती," आत्या तेव्हा म्हणाली होती, "तं तो ड्रायव्हर कोणत्या तोंडानं तिच्याकडं तक्रार घेऊन गेला असता?"

मला ते पटलं होतं.

यंदा ऑक्टोबरअखेर आत्याची मुदत संपत होती. मुदत वाढवून मिळते, पण त्याआधी गावाकडून आक्षेप मागवतात. सप्टेंबरात भंडाऱ्याच्या कचेरीतून तिला बोलावणं आलं. मी यंदा लांबच्या सुट्टीवर गावीच होते, सोबत गेले. तिथल्या कारकून बाबूंनी फाईल उघडली आणि एक आक्षेप आहे म्हणून वाचून दाखवला. खाली सही भैय्याजींची होती. मजकूर एका ओळीचा. 'सदर महिलेची उठबस उजेड कलापथकातील लोकांत होती व आहे.'

आत्या आधी हसली. "माझंच वाक्य हाये हे बाबूसाहेब. मुलीच्या जागी महिला लिहिलं फक्त."

भैय्याजींनी माहितीच्या अधिकारात रितावरच्या अहवालाची नक्कल काढली होती आणि ती आक्षेपाला टाचली होती. आत्याच्या अक्षरातली ओळ वर, भैय्याजींच्या अक्षरातली खाली. आत्यानं दोन्ही कागद हातात घेतले, खाली ठेवले, उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. बाबूंनी सांगितलं की संघटनांबद्दल एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल आणि साहेबांसमोर सुनावणी होईल.

आक्षेप खोटा नव्हता, सगळी पंचाईत तीच होती.

लग्नानंतर आत्या चिखल्याला होती. आनंदराव मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तिथं मँगनीजच्या खाणीत कामाला होते. कामगारांच्या वसाहतीत जीवन नावाचा एक शिकलेला मुलगा होता, त्यानं उजेड कलापथक काढलं. डफ, ढोलकी, पेटी आणि सहा-सात माणसं. आत्याचा आवाज उंच होता. जयंतीला, लग्नात, संपाच्या मंडपात, सगळीकडे ती गायची. जमिनीची गाणी होती, पाण्याची होती, काही साहेबलोकांची नावं घेऊन टिंगल करणारीही होती. सहा वर्षं चाललं ते. मग मामा तापानं गेले आणि ती मुलाला घेऊन माहेरी आली. दोन वर्षांनी जीवनला पकडून नेलं. उजेड हे कोणत्या तरी बंदी घातलेल्या लोकांचं तोंड आहे, असं पेपरात आलं. दीड वर्षानं तो सुटला. निर्दोष म्हणून सुटला की पुरावा कमी पडला म्हणून, यावर चिखल्यात अजून दोन मतं आहेत. तो आता तिकडं राहत नाही. त्याची आई सीताबाई राहते, आणि दरवर्षी दिवाळीच्या आत आत्या तिच्याकडे जवसाची चटणी घेऊन जाते.

म्हणजे होती व आहे, दोन्ही खरं.

कचेरीसमोर टिनाच्या शेडखाली अंकुशभाऊ संगणक घेऊन बसतात. सगळ्या तालुक्याचे अर्ज त्यांच्या हातून निघतात. प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्यांच्याकडे तयारच होता, नाव भरलं की कागद बाहेर. 'मी कोणत्याही आक्षेपार्ह संघटनेची सदस्य नव्हते व नाही.'

"हे 'नव्हते' काढता येते का?" आत्यानं विचारलं.

"काहून? होत्या का?"

"गात होती."

"रजिस्टर होतं का तुमचं?"

"नव्हतं."

"पावती? फोटोचं कार्ड?"

"ढोलकी होती," आत्या म्हणाली.

अंकुशभाऊ हसले. "ढोलकीवर कोनी सदस्य होत नाही वो आत्या. करा सही अन् मोकळ्या व्हा. चिखल्याले कोन जाते पाहाले?"

आत्यानं सही केली नाही. कागद घडी करून पिशवीत टाकला. शहापूरला एसटीतून उतरल्यावर म्हणाली, "रिताच्या पथकाचं तरी कुठं रजिस्टर होतं?"

त्यानंतरचे पंधरा दिवस मी तिला नीट बसलेलं पाहिलं नाही. सकाळी ती धुऱ्याधुऱ्यानं फिरून यायची. धान पोटरीत आलं होतं आणि पाहायला तिथं काही नव्हतं. आली की पिशवीतला कागद काढायची, वाचायची, ठेवायची. मधेच कपडे बदलून चिखल्याला जायला निघाली आणि फाट्यावरून परत आली. "आता गेली तं म्हनतील, सुनावणीच्या तोंडावर गेली," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "अन् नाही गेली तं सीताबाई म्हणन, भ्याली."

मी म्हटलं, "आत्या, उठबस म्हणजे सदस्य नाही. तू तसं मांड. शब्दांचे अर्थ वेगळे आहेत."

"वेगळे हायेत हे मले तेव्हा काहून नाही सांगितलं?"

तेव्हा मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं होतं.

तेवढ्यात ठाण्यातून नवा कागद आला. रिता पुन्हा भरतीत निवडली गेली होती. अहवाल आठ दिवसांत हवा होता, आणि आत्याच्या मुदतीचे अजून तेवीस दिवस बाकी होते.

दुसऱ्याच दिवशी भैय्याजींनी तिला दुकानातून हाक मारली. मी युरियाच्या पोत्यांपाशी उभी राहिले.

"बसा पाटीलबाई. चहा सांगतो."

"चहा नोको. बोला."

"आता काय बोलाचं. तुमच्याकडं एक कागद आला, साहेबाकडं माझा एक कागद हाये. तुमी 'वर्तणूक चांगली' लिहा. मी भंडाऱ्याले जाऊन माझा कागद वापस घेतो. दोघाइचंही बरं होते."

"अन् नाही लिहिलं तं?"

"तं काय. माझ्या कागदात माझं काहीच नाही. तुमचीच भाषा हाये."

"भाषा माझी हाये, अक्षर तुमचं हाये. शाळेत होतं तेवढंच बेक्कार."

मागच्या खोलीतून शकुनबाईंचं, त्यांच्या बायकोचं, हसू ऐकू आलं. भैय्याजींना नाही आलं हसू. ते गल्ल्यावरून उठले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पंचफुला, तीन वर्सं झाले. लेक माझ्याशी बोलत नाही. तिले वाटते मी पथकाले मैदानासाठी वर्गणीची पट्टी दिली म्हणून हे झालं. तुले कळते का?"

आत्या म्हणाली, "रिता पळाले कधी जाते?"

रिता पहाटे तलावाच्या पाळीवर पळायची. आत्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिथं जाऊन थांबली. मी मागे होते. पांढऱ्या बुटांच्या जागी आता निळे होते.

"थांब व रिता."

"काकू, टाइम लावला हाये."

"बंद कर तो टाइम. मले सांग, त्या दिवशी हायवेवर तू काय करत होती?"

रितानं मोबाइलवरचं घड्याळ बंद केलं. श्वास लागला होता, की राग होता, मला कळलं नाही. "आता विचारता? अहवाल गेला, नोकरी गेली, मंग?"

"हो. आता विचारतो."

"मग ऐका. मी हात नाही लावला त्या माणसाले. पण कोणाचा हात धरला बी नाही. सगळे ओरडत होते, मीही ओरडली. खोटं कायले सांगू."

"पथकात काहून गेली होती?"

"मैदान त्याइच्याकडं होतं. पोरीनं इथं पाळीवर पळलं तं लोक सायकली थांबवून पाहात. तिथं कोनी पाहात नव्हतं." ती थांबली. "अन् मजाही येत होती. तेही लिहा. काठी फिरवली की वाटे, आपल्याले आता कोनी काही करू शकत नाही."

"सोडलं कधी?"

"त्याच्या कानातून रक्त आलं त्या दिवसापासून नाही गेली. सोडलं म्हणून कोणाले सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही."

आत्यानं मान हलवली. रिता बुटाची नाडी बांधायला वाकली आणि वाकूनच तिनं विचारलं, "अन् तुम्ही? बाबा म्हनतात, तुम्ही चिखल्याले गाणे म्हनत होत्या. तुम्ही सोडलं?"

"गाणं सोडलं," आत्या म्हणाली. "माणसं नाही सोडली."

रितानं वर पाहिलं. टाइम पुन्हा लावला आणि पळत गेली.

त्या दुपारी आत्यानं अहवाल लिहिला. तिला दहा मिनिटं पुरायची, त्या दिवशी तीन तास लागले. त्या घटनेच्या दिवशी रिता जागेवर होती, हे मी पाहिलं. तिनं मारलेलं मी पाहिलं नाही. ती पथकात जात असे, त्या दिवसानंतर गेली नाही असं ती सांगते, आणि मीही तिला नंतर मैदानावर पाहिलेलं नाही. मागील अहवाल लिहिताना मी तिला विचारलं नव्हतं. एवढंच. 'वर्तणूक चांगली' नव्हतं आणि उठबसही नव्हती. मी वाचून कागद परत दिला. या वेळी एकही वेलांटी बदलली नाही.

भैय्याजींना तो मजकूर कळला तेव्हा त्यांनी आक्षेप मागे घेतला नाही. "होती असं लिहिलंच न शेवटी," ते म्हणाले. त्यांच्या बाजूनं तेही बरोबर होतं.

सुनावणीच्या दिवशी आत्यानं पांढरी साडी नेसली. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसली, उठली, पाणी पिऊन आली, बसली, परत उठली. मग पिशवीतून प्रतिज्ञापत्र काढलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि 'नव्हते व' यावर आडवी रेघ ओढली. शेजारी 'होते' लिहिलं, त्याच्यापुढे 'आता'. रेघेपाशी छोटी सही केली, जशी ती पंचनाम्यात खाडाखोडीपाशी करायची. वाक्य आता असं झालं होतं. 'मी कोणत्याही आक्षेपार्ह संघटनेची सदस्य होते आता नाही.' व्याकरण पार मोडलं होतं. मी पेन तेवढं परत घेतलं.

एसडीओ साहेब, म्हणजे प्रांताधिकारी, तरुण होते आणि चिडके नव्हते. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"हे तुम्ही खोडलंत?"

"हो साहेब."

"खोडलं नसतं तर मला तुमच्याविरुद्ध काही दाखवता आलं नसतं. माहीत आहे ना?"

"माहीत हाये."

"कलापथक आक्षेपार्ह होतं असं तुम्हाला वाटतं?"

"मले नाही वाटत. पण सरकारच्या कागदात तसं हाये, अन् तुमी सरकारच्या कागदातलं विचारून राहिले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुमचं काम चांगलं आहे, फाईलमध्ये तसंच दिसतं. पण उद्या गावात दोन बाजू उभ्या राहिल्या, तर समोरची बाजू म्हणणार, बाई त्यांच्यातली. ती तुमच्याकडे तक्रार घेऊन येईल का?"

मला वाटलं, आत्या आता बोलेल. पाच वर्षांत कोणाकोणाच्या तक्रारी घेतल्या, कोणाच्या दारात अर्ध्या जेवणातून उठून गेली, ते सगळं तिच्याकडे होतं. तिनं ते काढलं नाही.

"हे मले पटते साहेब," ती म्हणाली. "रिताच्या वेळी मी हेच मनात धरलं होतं. ड्रायव्हर कसा येईल तिच्याकडं, म्हणून. तो आला असता का नाही, मले आजही सांगता येत नाही. पण मी तिले न विचारता लिहिलं. तुमी मले विचारलं. एवढं कागदावर येऊ द्या."

साहेबांनी ते लिहून घेतलं. सोळा दिवसांनी आदेश आला. अर्जदाराच्या स्वतःच्या कबुलीवरून मुदतवाढ नाकारण्यात येत आहे. विचारलं होतं, हेही त्यात होतं, एका ओळीत.

भैय्याजी संध्याकाळी घरी आले. आमच्या मोहल्ल्यात ते एरवी मतं मागायलाच यायचे. ओसरीत उभे राहून म्हणाले, "खोडलं कायले पन? मी समजलो, तू नाही म्हणशीन अन् साहेब सोडून देतील. मले नुसतं तुले तिथं उभं करायचं होतं."

"केलं न उभं," आत्या म्हणाली. "आता बसा. चहा सांगतो."

ते बसले. रिताच्या अहवालाचं काय झालं ते त्यांनाही कळलं नव्हतं. रिता अजून पळते आहे, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि सकाळी तिनं त्यांच्याकडे शंभराची नोट मागितली म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं.

गावाचा कारभार तात्पुरता शेजारच्या गावच्या ताराचंद पाटलांकडे गेला. ते शिक्का आणि दप्तर न्यायला आले. साधा माणूस, नवाच नेमलेला. अहवालांच्या नकला चाळता चाळता म्हणाले, "बाई, तुमच्या भाषेचं ठाण्यात नाव हाये. हे वाक्य मी उतरवून घेतो. उठबसवालं."

"ते सोडून बाकी सगळं घ्या गा," आत्या म्हणाली.

तिनं दप्तर द्यायच्या आधीच त्या सगळ्या नकला काढून पाहिल्या होत्या. पाच वर्षांत तो शब्द तिनं अकरा माणसांवर लिहिला होता. नावं तिनं माझ्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. दारूवाल्यांसोबत दिसणारा एक, बाहेरगावच्या एका महाराजाकडे जाणारे दोन, आपल्याच मोहल्ल्यातला एक, मोर्चात भाषण करणारा. रिताच्या नावापुढे तिनं बारीक रेघ ओढली. राहिले दहा.

ताराचंद पाटील गेले तसा तिनं पायात चपला घातल्या.

"कुठं जाऊन राहिली?" मी विचारलं.

"बायजाबाईच्या पोराकडं. महाराजाकडं काहून जात होता, इचारून येतो."

"आता विचारून काय उपयोग? तू पाटील नाहीस."

"म्हणूनच तं सांगन तो," ती म्हणाली आणि फाटक लोटून निघाली. त्या पोराचं घर गावाच्या पार टोकाला, तलावाकडं आहे. मी ओसरीवरून पाहत होते. अर्ध्या वाटेत ती थांबली, मागं वळून घराकडं पाहिलं, आणि पुढं चालू लागली.